काळबांडेबाईंचा मसुदा

दुपारी दीड वाजला की काळबांडेबाई रेकॉर्ड रूममध्ये जायच्या आणि आतून कडी लावायच्या.

हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते ऑक्टोबरात. तेव्हा मी कार्यालयाचा अधीक्षक होतो. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. सरकारी होतं आणि पुण्यात होतं, एवढं पुरे. जास्त सांगितलं की लोक ओळख काढत येतात. माझं नाव गोपाळकृष्ण लवाटे, राहणार कसबा पेठ. एकतीस वर्षं नोकरी केली ती एकाच तत्त्वावर. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं, म्हणजे तो खरा निघाला तर तेवढाच आनंद. तो आनंद माझ्या वाट्याला फारसा आला नाही, हा भाग वेगळा. माझ्या टेबलासमोर मी कधी खुर्ची ठेवली नाही. खुर्ची ठेवली की माणूस बसतो, बसला की बोलतो, आणि बोलू लागला की आपल्याला ऐकावं लागतं. माझी बायको नंदा मला शंकासुर म्हणते. म्हणू दे.

तर काळबांडेबाई. मुक्ताई बद्रीनाथ काळबांडे, वरिष्ठ लिपिक, तक्रार टेबल. मूळच्या वाशीमकडच्या. बद्रीनाथ आमच्याच खात्यात होता. तो अपघातात गेला आणि बाई अनुकंपा तत्त्वावर लागल्या. तेव्हा त्यांचं वय तीस आणि पदरात तीन वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी त्यांना पाहून मी मनाशी म्हटलं होतं, दोन महिन्यांत बदलीचा अर्ज येतो की नाही बघा. अर्ज आला नाही. चौदा वर्षं त्या विश्रांतवाडीहून स्कूटीवर येत राहिल्या, दहाला पाच कमी असताना. माणूस रोज वेळेवर येतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं माझं त्यावरही मत होतं.

तक्रार टेबल म्हणजे कार्यालयातली सगळ्यात नकोशी जागा. नळाला पाणी नाही, दाखल्यावर नाव चुकलं, अर्ज देऊन वर्ष झालं, असं सगळं तिथे येऊन आदळतं. आधीचे दोघे तिथून आजारपणाच्या रजेवर गेले होते. बाई मात्र आलेल्या माणसाला शिपायाचं स्टूल ओढून देत. मी एकदा त्यांना सुनावलं, "बाई, स्टूल शिपायाचं आहे आणि कार्यालय सरकारचं आहे. घरी आल्यासारखं बसवू नका लोकांना." त्या "बरं साहेब" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी घरून एक घडीची खुर्ची घेऊन आल्या.

त्यांची खरी करामत मसुद्यात होती. ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्यालयातून जाणारं पत्र लिहितो एक आणि सही करतो दुसरा. लिपिक कच्चा मसुदा लिहितो आणि खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःची आद्याक्षरं टाकतो. अधीक्षक लाल शाईने दुरुस्त्या करतो. मग स्वच्छ प्रत निघते. तीत आद्याक्षरं नसतात, वरच्याची सही तेवढी असते. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. काळबांडेबाईंचे मसुदे असे असत की वाचणाऱ्याला पहिल्या वाचनात सगळं कळे. हा दोष मी अनेकदा त्यांच्या निदर्शनास आणून दिला होता.

माझ्या नावावर एक पुस्तिकाही आहे. 'तक्रार : नोंद ते निकाल', पानं चाळीस, लेखक गो. वि. लवाटे. सहा वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने ती छापली, संकेतस्थळावर टाकली आणि मला शाल-श्रीफळ दिलं. त्याचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. पुस्तिकेबद्दल पुढे सांगेन.

तर ऑक्टोबरात ही कडी. दीडला लागायची, दोनला निघायची. बाई बाहेर यायच्या तेव्हा कानातली वायर घाईने पर्समध्ये कोंबत असायच्या. मी सुदर्शनला, आमच्या शिपायाला, विचारलं. तो म्हणाला, "आत फोनवर बोलतात साहेब. हळू बोलतात." सुदर्शनची निवृत्तीही जवळ आली होती. अशा माणसाला कशातच रस नसतो. म्हणून तिसऱ्या दिवशी मीच एक फाईल हातात घेऊन त्या दाराशी उभा राहिलो. हातात फाईल असली की सरकारी माणूस कुठेही उभा राहू शकतो.

आतून बाईंचा आवाज आला. "अधिकार एकाकडं अन् जबाबदारी दुसऱ्याकडं, असं झालं की काम बुडतं, मॅडम. आमच्याच कार्यालयातलं उदाहरण सांगू का?"

ही मॅडम कोण? वर्तमानपत्रवाली? माहिती अधिकारवाली? की लाचलुचपतवाली? मी आयुष्यात कुणाचा चहाही फुकट प्यायलो नाही, पण म्हणून माणसाला भीती वाटू नये असा काही नियम नाही. पुढचे चार दिवस मी रेकॉर्ड रूमची तपासणी केली. रजिस्टरशी फायली ताडून पाहिल्या. कपाटाच्या फटीत कागदाचा कपटा अडकवून ठेवला, कुणी उघडलं तर पडावा म्हणून. कपटा चारही दिवस जागच्या जागी होता, त्यामुळे माझा संशय जास्तच बळावला.

पाचव्या दिवशी मी बाईंना बोलावून सरळच विचारलं, "दीड ते दोन आत कुणाशी बोलता?"

"शिकून राहिले साहेब." त्या लाजल्या. "एम.ए. लोकप्रशासन. ऑनलाइन. दुसरं वर्ष चालू आहे."

"इथे?"

"घरी एक खोली. तिच्यात सासूबाईंचा टीव्ही अन् माझ्या ओवीचा बारावीचा अभ्यास. जेवणाच्या सुट्टीत मॅडमचा तास इथं बरा पडतो."

"आणि परवानगी? सरकारी नोकराला शिकायचं तर कार्यालयाची परवानगी लागते, हे लोकप्रशासनात शिकवत नाहीत वाटतं?"

बाई जागेवर गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. परवानगीचा अर्ज होता, दीड वर्षापूर्वीचा. त्याच्या कडेला लाल शाईत माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चर्चा करावी.' खाली माझी सही.

हाही आमच्यातला एक रिवाज. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, कागद तर टेबलावरून हलवायचा आहे, तेव्हा 'चर्चा करावी' असा शेरा मारतात. चर्चेला बोलवायचं कुणी, हे त्यात लिहिलेलं नसतं. खालचा वरच्याच्या बोलावण्याची वाट पाहतो आणि वरचा विसरून जातो.

"मी तीन महिने वाट पाहिली साहेब," बाई म्हणाल्या. "मग प्रवेशाची मुदत संपत आली."

मी त्यांना चर्चा झाली असं समजा म्हणालो. पण स्वस्थ बसलो नाही. त्या विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडून पाहिलं. इमारतीपुढची हिरवळ मला जरा जास्तच हिरवी वाटली. मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्याचं नाव शोधलं, ते होतं. यादी करणारीही माणसंच असतात, असं म्हणून मी ती खिडकी बंद केली.

मग एक दिवस मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं आणि मला सगळा उलगडा झाला. जुलैअखेर मी निवृत्त होणार होतो. माझी जागा खात्यातूनच भरायची होती. अटी दोन होत्या, पदव्युत्तर पदवी हवी आणि वय पंचेचाळीसच्या आत हवं. बाईंना ऑगस्टमध्ये पंचेचाळीस पूर्ण होत होती. जूनमध्ये पदवी हातात पडली तर अधीक्षकाची खुर्ची, नाही तर निवृत्तीपर्यंत तक्रार टेबल. दुसरी संधी नव्हती. म्हणजे बाईंचा डोळा माझ्या खुर्चीवर होता. मी ती खुर्ची सोडूनच जाणार होतो, तरी मला राग आला. का, ते विचारू नका.

एप्रिलमधल्या एका सोमवारी बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला होता. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला.

विद्यापीठाची नोटीस होती. बाईंनी शेवटच्या सत्राचा प्रकल्प अहवाल पाठवला होता, 'नागरिकांच्या तक्रारी आणि स्थानिक कार्यालय'. तिथे म्हणे असा अहवाल आधी एका यंत्रणेतून काढतात. ती जगातलं सगळं छापील ताडून पाहते आणि चोरी पकडते. अशी यंत्रणा माणसांसाठीही असायला हवी, असं मला क्षणभर वाटून गेलं. पुढे लिहिलं होतं, साम्य अडुसष्ट टक्के, मूळ स्रोत 'तक्रार : नोंद ते निकाल', लेखक गो. वि. लवाटे. नक्कल केल्यावरून प्रकल्प रद्द का करू नये, याचा खुलासा आठवड्याच्या आत करावा.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. यंत्रणेनं माझं नाव लेखक म्हणून छापलं होतं. दुसऱ्याच क्षणी मी मोबाइल टेबलावर पालथा घातला.

आता पुस्तिकेबद्दल सांगतो. ती मी लिहिलेली नव्हती. सहा वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने मार्गदर्शक पुस्तिका मागवली तेव्हा मी ते काम बाईंच्या टेबलावर टाकलं होतं. तीन महिने खपून त्यांनी पेन्सिलीने एकशेदहा पानं लिहिली. मी लाल शाई घेऊन बसलो, पुष्कळसं खोडलं, जिथे जिथे 'माणूस' होता तिथे 'अर्जदार' केलं, दीड पानाची प्रस्तावना लिहिली आणि वर माझं नाव घातलं. पत्राला जो रिवाज, तोच पुस्तिकेला. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

"मुद्दाम केलंत हे?" मी आवाज खाली आणून विचारलं. माझा तसा पक्का संशय होता. सहा वर्षं मनात धरून ठेवलं आणि आता बरोबर माझ्या निवृत्तीच्या तोंडावर सापळा लावला.

"मी ती पुस्तिका उघडूनही पाहिली नाही साहेब." त्यांचे डोळे भरले होते. "मला ते पाठ आहे. लिहायला बसले तर तेच शब्द आले. आपलंच बोलणं दुसऱ्यांदा बोललं तर चोरी होते, हे मला कुठं माहीत?"

"मग माझ्याकडून काय हवंय?"

"एक पत्र पाहिजे. ते मी लिहिलं होतं एवढंच."

एवढंच! मी त्यांना थांबायला सांगितलं आणि पत्र लिहिलं. एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून लिहिलं. 'सदर पुस्तिकेच्या सिद्धतेमध्ये श्रीमती काळबांडे यांचे बहुमोल सहकार्य लाभले होते.' सहकार्य लाभणे हा फार सोयीचा शब्दप्रयोग आहे. चहा आणून देणाऱ्याचंही लाभतं. बाईंनी पत्र उभ्यानेच वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. "बरं साहेब," म्हणाल्या. मग नेहमीचे दोन-चार कागद माझ्या ट्रेमध्ये ठेवून गेल्या. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. त्या कागदांवर हाताला सवयीने जे शेरे येत होते ते मारले आणि ट्रे रिकामा केला.

मंगळवारी विद्यापीठाचं उत्तर आलं. 'सहकार्य' या शब्दावरून लेखन कुणाचे याचा बोध होत नाही, सबब गुरुवारी दुपारी चार वाजता ऑनलाइन सुनावणी ठेवली आहे, पुस्तिकेचे लेखक उपस्थित राहिल्यास बरे. समाधान न झाल्यास प्रकल्प रद्द, पुन्हा नोंदणी पुढच्या वर्षी. बाईंना पुढचं वर्ष नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी जेवताना नंदाला सगळं सांगितलं. म्हणजे माझ्या बाजूने सांगितलं. बाई किती धूर्त आहेत, मला कसं कात्रीत पकडलं आहे, वगैरे. नंदा आमटी वाढत होती. म्हणाली, "पुस्तिका त्यांनीच लिहिली होती ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुम्ही भाजीची यादी करतानासुद्धा 'उपरोक्त' लिहिता. अख्ख्या पुस्तिकेत, तुमची प्रस्तावना सोडून, एकदाही 'उपरोक्त' नाही. मला त्याच दिवशी शंका आली. शंका काय फक्त तुम्हालाच येतात?"

"सहा वर्षं बोलली नाहीस?"

"शाल मिरवत होतात, म्हटलं कशाला. पण आता त्या बाईंचं नुकसान होतंय. आयत्या बिळावर नागोबा झालात ते झालात, निदान बिळाच्या मालकाला चोर तरी म्हणू देऊ नका."

मी जेवण अर्धवट टाकून उठलो. राग नंदाचा आला नव्हता, हे मला आज कळतं.

बुधवारी सकाळी नऊलाच मी कार्यालयात गेलो. सुदर्शन कुलपं काढत होता. मी रेकॉर्ड रूम उघडायला लावली आणि त्याला चहाला पाठवलं. मला तो पेन्सिलीचा मसुदा शोधायचा होता. आहे का, एवढंच बघायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. सापडल्यावर काय करणार होतो ते मी नंदालाही सांगितलेलं नाही. इथे सांगतो. मी तो घरी नेणार होतो.

तिसऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, फाईल सापडली. वर बाईंच्या अक्षरात विषय आणि वर्ष. आत एकशेदहा पानं, सगळी क्रमाने, एकही गहाळ नाही. प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक 'मु.का.' आणि पानभर माझी लाल शाई. पहिल्याच पानावरची पहिलीच ओळ मी आडवी रेघ मारून खोडली होती आणि कडेला 'अनावश्यक' असं लिहिलं होतं. खालचं पेन्सिलीचं अक्षर अजून वाचता येत होतं. 'आलेल्या माणसाला आधी बसायला सांगावे.'

"काय पाहून राहिले साहेब?"

बाई दारात उभ्या होत्या. दहाला पाच कमी ही त्यांची वेळ, पण त्या दिवशी त्या साडेनऊलाच आल्या होत्या. माझ्या हातातली फाईल त्यांना दिसली. मला तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून मी उलट आवाज चढवला. "ही फाईल इथे आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कसं नसंल? मीच ठेवली."

"मग विद्यापीठाला पाठवली का नाही? मोबाइल आहे ना तुमच्याकडे? रोज अर्धा तास इथे कडी लावून बसता. एकेक फोटो काढला असता तर मला विचारायचीही गरज नव्हती."

"काढता आला असता," बाई म्हणाल्या. "पण कार्यालयाचा कागद अधीक्षकाच्या सहीशिवाय बाहेर जात नाही. तुम्हीच सांगितलं होतं साहेब, मी लागले त्या आठवड्यात. म्हणून सोमवारी नकलेचा अर्ज दिला ना तुम्हाला, पत्र घेतलं तेव्हाच. तुमच्या ट्रेमध्ये ठेवला होता."

त्यांनी पर्समधून तो अर्ज काढला. 'प्रकल्पाच्या खुलाशासाठी मसुद्याची साक्षांकित प्रत मिळावी.' कडेला लाल शाईत माझं अक्षर होतं. 'चर्चा करावी.'

"मी कालपासून वाट पाहून राहिले," त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी बोलावता."

मला लाज वाटली. ही बाई माझ्याविरुद्ध काहीतरी शिजवते आहे म्हणून मी दारांना कान लावले, कपाटांत कपटे अडकवले. आणि तिच्या हाताशी माझी सगळी लबाडी क्रमवार लावून ठेवलेली होती. तिने तिला हातही लावला नव्हता, कारण नियम होता आणि तो मी सांगितला होता. रेकॉर्ड रूममध्ये त्या वेळी चोरीच्या इराद्याने आलेला एकच माणूस होता. मी तिथेच खाली स्टुलावर बसलो. एकशेदहा पानांची नक्कल काढायला सुदर्शनला दीड तास लागला, आणि प्रत्येक पानावर 'खरी नक्कल' लिहून सही करायला मला दोन.

गुरुवारी चार वाजता आम्ही दोघे रेकॉर्ड रूममध्ये मोबाइलसमोर बसलो. बाईंनी तो फायलींच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर तीन चौकोन उमटले. एका चौकोनात समन्वयक स्पृहा मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढ्या, उरलेल्या दोनांत दोन प्राध्यापक.

"सर, तुमचा कॅमेरा थोडा खाली घ्या, फक्त कपाळ दिसतंय," स्पृहा मॅडम म्हणाल्या. मग नक्कल पाहिल्याचं सांगून त्यांनी विचारलं, "सर, सिंपल प्रश्न आहे. पुस्तिका कुणी लिहिली?"

"सदर पुस्तिकेच्या सिद्धतेमध्ये…" मी सुरू केलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. मी थांबलो. "यांनी लिहिली," मी म्हणालो. "सगळी. मी 'माणूस' खोडून 'अर्जदार' केलं आणि वर माझं नाव घातलं."

एका प्राध्यापकाने मला नको तोच प्रश्न विचारला. "का?"

"कुणी हरकत घेतली नाही म्हणून," मी म्हणालो. त्याहून खरं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

पण दुसरे प्राध्यापक माझ्याच जातीचे निघाले. संशय त्यांचा सुटेना. म्हणाले, "सर, गैरसमज नको, पण एकाच कार्यालयातले आहात. भिडेखातर सांगत असाल. हस्ताक्षर नंतरचंही असू शकतं." मला त्यांचा राग आला, आणि कौतुकही वाटलं.

तेवढ्यात स्पृहा मॅडम म्हणाल्या, "सर, एक मिनिट. मॅडमच्या प्रोजेक्टचं पहिलं वाक्य बघा. 'आलेल्या माणसाला आधी बसायला सांगावे.' हे पुस्तिकेत कुठेच नाहीये. मी सर्च केलं. पण मसुद्यात आहे, लाल रेघेखाली. पुस्तिकेवरून कॉपी करणाऱ्याला हे कुठून मिळणार?" त्यांनी कागद चाळले. "अशी अजून चौदा वाक्यं आहेत. सगळी यांनी खोडलेली. सगळी मॅडमना आठवतायत."

त्या प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग म्हणाले, "ठीक आहे." संशयी माणसाने ठीक आहे म्हटलं की ते खरंच ठीक असतं, हे मी खात्रीने सांगू शकतो. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी फायलींच्या गठ्ठ्याकडे बघत बसलो.

जूनमध्ये पदवी आली. जुलैअखेर मी निवृत्त झालो आणि ऑगस्टच्या पहिल्या यादीत मुक्ताई काळबांडे यांचं नाव लागलं. त्यांनी माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या आहेत, असं सुदर्शनने जाता जाता फोनवर कळवलं. मी पुढे ते जाऊन पाहिलंही. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

माझं एक काम मात्र राहून गेलं आहे. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी मुख्य कार्यालयाला रीतसर अर्ज केला की संकेतस्थळावरच्या पुस्तिकेवरचं माझं नाव काढून तिथे श्रीमती काळबांडे यांचं घालावं. सोबत साक्षांकित मसुदा जोडला. अर्जात एकदाही 'उपरोक्त' लिहिलं नाही, नंदाने तपासून दिलं. दिवाणखान्यातला शालीचा फोटोही मी उतरवून ठेवला. भिंतीवर त्याचा चौकोन उमटला आहे. महिन्याने उत्तर आलं. म्हणजे माझाच अर्ज परत आला, कडेला शेरा मारून. 'चर्चा करावी.'

बाई म्हणाल्या, "राहू द्या साहेब, ज्यांना माहीत पाहिजे त्यांना माहीत झालं." पण मी राहू देणार नाही. तेव्हापासून दर सोमवारी कसब्यातून चालत मुख्य कार्यालयात जातो. साहेब कधी बैठकीत असतात, कधी दौऱ्यावर, कधी नुकतेच बाहेर पडलेले असतात. बाहेरच्या टेबलावर एक लिपिक आहे, आमोद नावाचा. तो दर वेळी वेगळं कारण सांगतो आणि ते खोटं असतं, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळतं, कारण ती सगळी कारणं मी स्वतः वापरलेली आहेत. मी "अर्जदार लवाटे" असं नाव सांगतो आणि त्याच्या टेबलासमोर उभा राहतो. हा नववा सोमवार होता. अजून मला कुणी बसायला सांगितलेलं नाही.